निवृत्तीनंतर दरमहा उत्पन्नासाठी म्युच्युअल फंड: पन्नास लाख एकाच योजनेत ठेवावेत का?

पिंपळपान (धागाकर्ता) | ४ ऑगस्ट २०२५, सकाळी ८.५०

सर्वांना नमस्कार. ३१ जुलै रोजी मी वयाच्या ५८व्या वर्षी चिंचवडच्या एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून ८२ लाख रुपये हाती येतील. कर्मचारी पेन्शन योजनेतून (ईपीएस) दरमहा सुमारे साडेचार हजार रुपये मिळणार आहेत. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही, मुलगी नोकरीला लागली आहे आणि आम्हा दोघांचा आरोग्य विमा चालू आहे. घरखर्च, विम्याचा हप्ता आणि वर्षातून एखादा प्रवास धरून महिन्याला ४५ हजार रुपये लागतील, असा आमचा अंदाज आहे.

माझे पगाराचे खाते ज्या बँकेत आहे तेथील रिलेशनशिप मॅनेजरने एका कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडात (बहुतांश कर्जरोखे, थोडे समभाग) ५० लाख रुपये ठेवण्याचा सल्ला दिला आहे. त्याने आणलेल्या पत्रकाप्रमाणे ही योजना मासिक आयडीसीडब्ल्यू पर्यायात (दरमहा पैसे वाटणारा पर्याय) प्रत्येक युनिटमागे दरमहा ९ पैसे देत आली आहे. सध्याची एनएव्ही (एका युनिटची किंमत) १३ रुपये ४० पैसे असल्यामुळे ५० लाखांवर महिन्याला सुमारे साडेतेहतीस हजार, म्हणजे वर्षाला ८ टक्के मिळतील आणि मुद्दल जसेच्या तसे राहील, असे त्याचे म्हणणे आहे. उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणून अशी योजना घ्यावी की नाही, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

कोकणकडा | ४ ऑगस्ट, सकाळी १०.१५

पत्रकातले ९ पैसे खरे असतील, परंतु 'मुद्दल जसेच्या तसे' हे कोणत्याही फंडाच्या कागदपत्रात लिहिलेले सापडणार नाही. आयडीसीडब्ल्यू पर्यायात ९ पैसे वाटले की त्या युनिटची एनएव्ही तेवढ्याच ९ पैशांनी उतरते. ही रक्कम फंडाने त्या महिन्यात कमावलेलीच असेल असे नाही, आणि पुढच्या महिन्यात ती मिळेलच असेही नाही. म्हणूनच सेबी या बाजार नियामकाने एप्रिल २०२१ पासून 'डिव्हिडंड' हे नाव काढून 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल' असे लांबलचक नाव लावायला सांगितले. भांडवलातून पैसे परत मिळू शकतात, ही गोष्ट नावातूनच गुंतवणूकदाराला कळावी हा त्यामागचा हेतू होता.

तुम्ही एक करा. याच पर्यायाची तीन वर्षांपूर्वीची एनएव्ही शोधून येथे लिहा. फंड कंपनीच्या आणि ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर ती मिळते.

पिंपळपान | ४ ऑगस्ट, दुपारी १.०५

पाहिली. तीन वर्षांपूर्वी ती १४ रुपये १० पैसे होती. दरमहा ९ पैसे मात्र खंड न पडता दिलेले दिसतात.

हिशेबनीस | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

मग हिशेब सोपा आहे. ज्याने १४.१० रुपयांना युनिट घेतले त्याला ३६ महिन्यांत ३ रुपये २४ पैसे मिळाले आणि युनिटची किंमत ७० पैशांनी कमी झाली. म्हणजे या योजनेने खरोखर कमावलेला परतावा वर्षाला साधारण सव्वासहा टक्के आहे. उरलेले त्याचेच पैसे त्याला परत केले गेले. ८ टक्के हा दर वाटपाचा आहे, कमाईचा नाही. सव्वासहा टक्के ही कमाई या प्रकारच्या योजनेसाठी लाजिरवाणी नाही. आक्षेप आहे तो पत्रकावर जो आकडा ठळक छापला आहे त्याला.

या गटातील योजनांना सेबीच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार ७५ ते ९० टक्के रक्कम कर्जरोख्यांत आणि १० ते २५ टक्के रक्कम समभागांत ठेवावी लागते. समभागांचा भाग थोडा असला तरी वाईट वर्षात एनएव्ही खाली नेण्यास तो पुरतो, आणि ठरलेले वाटप चालूच ठेवले तर ही घट अधिक खोल जाते.

येथे अनेकजण आयडीसीडब्ल्यूविरुद्ध कराचा मुद्दा पुढे करतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. वाटलेली रक्कम तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि तिच्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो, हे खरे आहे. परंतु २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कलम ८७अ च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि तुमचे एकूण उत्पन्न या मर्यादेच्या बरेच आत राहील. ज्या फंडात ६५ टक्क्यांहून अधिक रक्कम कर्जरोख्यांत असते त्याची युनिटे विकून झालेला नफाही आता स्लॅबनेच मोजला जातो, त्यामुळे त्यालाही हीच सवलत लागू पडते. थोडक्यात, तुमच्या बाबतीत कर हा निर्णायक मुद्दा नाही. वर्षभरात १० हजारांहून अधिक वाटप झाले तर १० टक्के टीडीएस कापला जाईल आणि तो विवरणपत्र भरून परत मागावा लागेल, एवढाच त्रास आहे. आयडीसीडब्ल्यू टाळण्याचे खरे कारण हे की किती रक्कम केव्हा काढायची हे तेथे तुम्ही ठरवत नाही, फंड ठरवतो.

जुनाजाणता | ५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

ज्यांनी १९९० चे दशक पाहिले आहे त्यांना या पत्रकाची भाषा ओळखीची वाटेल. १९६४ साली सुरू झालेली युनिट ट्रस्ट या सरकारी फंड संस्थेची यूएस-६४ ही योजना आमच्या पिढीतील निवृत्तांची हक्काची जागा होती. दरवर्षी जुलै महिन्यात लाभांश जाहीर व्हायचा, आणि युनिटची किंमत बाजारातील मालमत्तेवरून नव्हे तर युनिट ट्रस्ट ठरवील त्याप्रमाणे असायची. आतली मालमत्ता प्रत्यक्षात किती रुपयांची उरली आहे, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. जुलै २००१ मध्ये विक्री आणि पुनर्खरेदी दोन्ही थांबवण्यात आल्या, आणि अखेरीस सरकारला मध्ये पडावे लागले. उरलेल्या युनिटधारकांना ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले, २००३ मध्ये युनिट ट्रस्टचे दोन भाग झाले. त्या वेळी सरकार पाठीशी उभे राहिले. आजच्या फंडांमागे तशी कोणतीही हमी नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

आजच्या फंडांची एनएव्ही रोज बाजारभावाने ठरते, ही मोठी सुधारणा आहे, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी ज्यांना 'मंथली इन्कम प्लॅन' म्हणत, त्यातील बऱ्याच योजना २०१८ मध्ये नव्या वर्गीकरणाप्रमाणे कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड झाल्या. विकणाऱ्यांच्या तोंडी मात्र अजून 'एमआयपी'च आहे.

कर्जरोख्यांच्या दर्जाकडेही लक्ष द्या. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने एकाच दिवशी सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या. त्यांत अधिक व्याजासाठी कमी मानांकनाचे रोखे मोठ्या प्रमाणात घेतलेले होते, आणि टाळेबंदीच्या काळात पैसे काढणाऱ्यांची रीघ लागली तेव्हा ते रोखे विकले जाईनात. पुढे बहुतांश रक्कम हप्त्याहप्त्याने परत मिळाली. पण ज्याचे महिन्याचे किराणा सामान त्या पैशांवर अवलंबून असते त्याला 'पुढे मिळतील' हे उत्तर उपयोगी पडत नाही.

मावळसूर | ५ ऑगस्ट, सकाळी ९.००

आमच्या भागातील एक पतसंस्था ज्येष्ठांना साडेनऊ टक्के देते. एवढ्या भानगडीत कशाला पडायचे?

कोकणकडा | ५ ऑगस्ट, सकाळी ९.२०

मावळसूर साहेब, बँकेतील ठेवींना ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते मुळीच नसते. निवृत्तीच्या पैशांबाबत तो विषय येथेच थांबवूया.

निशिगंधा | ५ ऑगस्ट, दुपारी ३.४५

थोडी वेगळी बाजू मांडते. फंडाचा विषय निघाला की आयडीसीडब्ल्यू म्हणजे अडाणीपणा, असा सूर लागतो. तो मला पटत नाही. माझ्या सासूबाईंना सासऱ्यांच्या पश्चात असेच मासिक वाटप मिळत असे. महिन्याच्या ठराविक सुमारास पैसे खात्यात जमा होत आणि त्यांना कोणाकडे काही मागावे लागत नसे. एखाद्या महिन्यात वाटप कमी झाले तर त्या त्याप्रमाणे खर्च आवरत. युनिटे विकायची म्हटले की मात्र 'मुद्दलाला हात लावायचा नाही' हा पिढ्यानपिढ्यांचा संस्कार आड येतो, आणि माणसे गरज असतानाही पैसे काढत नाहीत. गणित बरोबर असूनही जी व्यवस्था घरातल्या माणसाला वापरता येत नाही, तिचा उपयोग काय?

पिंपळपान, तुमच्या पत्नी हे व्यवहार पाहतात का? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय योजना ठरवू नये, असे मला वाटते.

हिशेबनीस | ५ ऑगस्ट, रात्री ९.१०

निशिगंधाताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण तो एसडब्ल्यूपीच्या, म्हणजे फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढण्याच्या सोयीच्या, विरोधात जात नाही. ग्रोथ पर्यायात (जेथे वाटप न होता नफा फंडातच राहतो) पैसे ठेवून दरमहा ठराविक तारखेला ठराविक रक्कम खात्यात जमा करण्याची सूचना एकदा दिली की तेथेही दर महिन्याला काही करावे लागत नाही. फरक एवढाच की रक्कम आपण ठरवतो आणि ती वाढवता किंवा थांबवता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धाग्यात आतापर्यंत फंडाचीच चर्चा झाली आणि त्याआधीची पायरी राहून गेली. साठ पूर्ण नाहीत म्हणून ज्येष्ठ नागरिक बचत योजना आपल्यासाठी नाही, असे पिंपळपान यांनी गृहीत धरले असावे. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यालाही हे खाते उघडता येते. अट अशी की निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरले पाहिजेत आणि भरलेली रक्कम त्या लाभांपेक्षा जास्त नसावी. पूर्वी ही मुदत एका महिन्याची होती, २०२३ च्या अखेरीस ती वाढवली. कमाल मर्यादा ३० लाख आहे, सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि खाते उघडताना जो दर असतो तो पाच वर्षे बदलत नाही. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये पडतात. बँकेच्या माणसाने याविषयी अवाक्षर काढले नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्यावर त्याला फंडाइतके कमिशन मिळत नाही.

पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत पतिपत्नीच्या संयुक्त नावाने १५ लाख ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये मिळतात. पेन्शनचे साडेचार हजार धरले तर महिन्याला ३४,२५० रुपये झाले, आणि ते बाजाराच्या चढउतारापासून पूर्ण मोकळे आहेत. अडीअडचणीसाठी पाच लाख बँकेत ठेवले की ३२ लाख उरतात, आणि महिन्याची तूट १०,७५० रुपयांची राहते. ही तूट वर्षाला १ लाख २९ हजार, म्हणजे ३२ लाखांच्या चार टक्के होते. ऐकायला हे सुखाचे वाटते.

परंतु येथेच सर्वांची गफलत होते. पोस्टाचे व्याज आणि पेन्शन वाढत नाही, महागाई मात्र वाढते, त्यामुळे संपूर्ण ४५ हजारांवरची महागाई त्या ३२ लाखांनी एकट्याने सोसायची असते. महागाई ६ टक्के धरली तर दुसऱ्या वर्षी खर्च २,७०० रुपयांनी वाढतो आणि फंडातून काढायची रक्कम १०,७५० वरून १३,४५० वर जाते, म्हणजे एकदम २५ टक्क्यांनी वाढते. सहाव्या वर्षी महिन्याला सुमारे २६ हजार आणि अकराव्या वर्षी ४६ हजार काढावे लागतात. फंडाने दरवर्षी साडेसात टक्के दिले असे समजून मी तक्ता मांडून पाहिला. पहिली चार वर्षे शिल्लक वाढत जाते आणि ३४ लाखांच्या थोडी वर पोहोचते, त्यामुळे सर्व काही उत्तम चालले आहे असे वाटते. मग उतार सुरू होतो आणि पंधराव्या वर्षी, म्हणजे वयाच्या बहात्तरीत, फंड रिकामा होतो. त्यानंतर पोस्टातील ४५ लाखांचे मुद्दल मोडायचे, आणि ते तेव्हाच्या खर्चाला जेमतेम चारपाच वर्षे पुरेल.

पिंपळपान | ६ ऑगस्ट, सकाळी ७.४०

तक्ता वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही, परंतु तो येथे मांडल्याबद्दल मनापासून आभार. पत्नी बँकेचे व्यवहार स्वतः पाहते, मोबाइलवरून पैसे पाठवते, फंडाचा मात्र तिला अनुभव नाही.

माझा प्रश्न असा की अधिक परतावा देणारा फंड निवडला तर हे चित्र सुधारेल का? साडेसात ऐवजी नऊ टक्के मिळाले तर?

हिशेबनीस | ६ ऑगस्ट, दुपारी १२.३०

नऊ टक्क्यांनी मांडून पाहिले. फंड पंधराव्याऐवजी सोळाव्या वर्षी संपतो. दरवर्षी दीड टक्का अधिक मिळवूनही जेमतेम एक वर्ष वाढते, कारण मोठ्या रकमा शेवटच्या वर्षांत काढल्या जातात आणि तोवर वाढायला मुद्दलच उरलेले नसते.

त्याउलट, सुरुवातीचा खर्च ४५ ऐवजी ३८ हजार धरा आणि परतावा साडेसातच ठेवा. मग फंड एकोणिसाव्या वर्षापर्यंत टिकतो. आणि खर्च ४५ हजारच ठेवून तुम्ही पहिली तीन वर्षे काही काम करून फक्त तूट भरून काढली, म्हणजे फंडाला हात लावला नाही, तरी तो सोळाव्या वर्षापर्यंत जातो. तीन वर्षांचे हलके काम आणि सोळा वर्षे सातत्याने मिळालेला दीड टक्का जास्तीचा परतावा, यांचे फळ जवळपास सारखे आहे. यातली पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे.

मावळसूर | ६ ऑगस्ट, दुपारी ४.००

मग वार्षिकी का घेऊ नये? आयुर्विमा महामंडळाची जीवन अक्षय आहे, इतर कंपन्यांच्याही योजना आहेत. एकदा पैसे भरले की आपण आणि आपल्या पश्चात पत्नी हयात असेपर्यंत ठरलेली रक्कम मिळत राहते. पैसे संपण्याची भीतीच नाही.

जुनाजाणता | ६ ऑगस्ट, सायंकाळी ७.१५

पैसे संपण्याची भीती घालवणारे ते एकमेव साधन आहे, हे खरे. मात्र वयाच्या ५८व्या वर्षी ती घेण्यात घाई आहे. वय जितके कमी तितका वार्षिकीचा दर कमी, आणि मुद्दल वारसांना परत देणारा प्रकार घेतला तर तो आणखी उतरतो. शिवाय मिळणारी रक्कम सहसा स्थिर असते, म्हणजे हिशेबनीस यांनी दाखवलेली महागाईची अडचण तेथेही आहे. सत्तरीच्या आसपास शिल्लक रकमेतील काही भागाची वार्षिकी घ्यावी, तेव्हा दरही बरा मिळतो आणि स्वतःच्या प्रकृतीचा अंदाजही आलेला असतो. आज घेतलेली वार्षिकी परत फिरवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

कोकणकडा | ६ ऑगस्ट, रात्री १०.०५

आता ३२ लाखांची व्यवस्था कशी लावावी याविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न फंडाचाच आहे.

पहिल्या चार-पाच वर्षांत फंडातून काढायची रक्कम लहान आहे, सर्व मिळून सुमारे दहा लाख. हे दहा लाख अशा ठिकाणी हवेत जेथे एनएव्ही फारशी हलत नाही. अल्प मुदतीचा, सरकारी रोखे आणि एएए (सर्वोच्च) मानांकनाचे रोखे बाळगणारा साधा कर्जरोखे फंड त्यासाठी पुरेसा आहे. फंडाच्या फॅक्टशीटमध्ये (मासिक माहितीपत्रकात) दोन गोष्टी पाहाव्यात. एक, रोख्यांचे मानांकन कसे विभागले आहे. दुसरी, मॉडिफाइड ड्युरेशन. हा आकडा ७ असेल तर बाजारातील व्याजदर एक टक्क्याने वाढला की एनएव्ही साधारण ७ टक्क्यांनी उतरते, आणि तो २ असेल तर साधारण २ टक्क्यांनी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा दीर्घ मुदतीच्या फंडांत पैसे ठेवणाऱ्यांना हे चांगलेच जाणवले. या वर्षी दर उतरले म्हणून अशा फंडांचे एका वर्षाचे परतावे आकर्षक दिसत आहेत, आणि रिलेशनशिप मॅनेजरच्या पत्रकात नेमके तेच आकडे असतात. फॅक्टशीटमधील यील्ड टू मॅच्युरिटी (रोखे मुदतीपर्यंत ठेवल्यास मिळणारा वार्षिक परतावा) शेजारच्या फंडांपेक्षा एक-दीड टक्का जास्त दिसली, तर व्यवस्थापक हुशार आहे असे समजण्यापूर्वी रोख्यांची यादी वाचावी.

उरलेल्या २२ लाखांना पाच वर्षे हात लावायचा नाही. तेथे समभागांचे प्रमाण कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडपेक्षा जास्त हवे, कारण अकराव्या वर्षीचे ४६ हजार त्यातूनच यायचे आहेत. मी निम्मे समभागांत ठेवले असते. त्यासाठी कोणता विशिष्ट फंड घ्यावा हे येथे सुचवणार नाही. पण त्यातून पहिल्या वर्षापासून एसडब्ल्यूपी लावू नका, एवढे आग्रहाने सांगतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. अशी घसरण विसाव्या वर्षी आली तर फार बिघडत नाही. निवृत्तीनंतर लगेच आली आणि त्याच वेळी आपण युनिटे विकून घर चालवत असलो, तर बाजार सावरल्यावरही आपले पैसे सावरत नाहीत, कारण तोवर बरीच युनिटे विकली गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट. बँकेमार्फत घेतलेल्या रेग्युलर पर्यायाचा (ज्यात विक्रेत्याचे कमिशन असते) खर्च डायरेक्टपेक्षा, म्हणजे थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या पर्यायापेक्षा, एक टक्क्याने जास्त असेल, तर ३२ लाखांवर वर्षाला ३२ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २,६६० रुपये जातात. तुमची तूट १०,७५० आहे. तिचा पाव भाग केवळ फंड कोठून घेतला यावर अवलंबून आहे. सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला एकदाच शुल्क देऊन घ्यावा, ते स्वस्त पडते.

निशिगंधा | ७ ऑगस्ट, सकाळी ११.२५

कोकणकडा यांची मांडणी पटली, माझा आक्षेप आयडीसीडब्ल्यूच्या नावाने नाके मुरडण्याला होता. एक शंका आहे. एसडब्ल्यूपी चालू असताना खातेदाराचे निधन झाले तर काय होते? सासऱ्यांच्या वेळी आम्हाला बरीच धावपळ करावी लागली होती.

हिशेबनीस | ७ ऑगस्ट, दुपारी २.००

फोलिओ (फंडातील खाते) एकट्याच्या नावाने असेल तर एसडब्ल्यूपी थांबते, आणि नामनिर्देशित व्यक्तीने मृत्यूचा दाखला, केवायसी आणि बँकेचा पुरावा देऊन युनिटे आपल्या नावावर करून घ्यावी लागतात. त्यानंतर एसडब्ल्यूपी नव्याने सुरू करायची. दोघांच्या नावाने 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने फोलिओ असेल, तर हयात असलेल्या जोडीदाराकडे युनिटे बरीच सहज येतात, नाव कमी करण्याचा अर्ज मात्र द्यावा लागतो. फोलिओला जोडलेले बँक खातेही दोघांचे असावे. या मधल्या काळातील दोन-तीन महिन्यांचा खर्च निघावा, हेही ते पाच लाख बँकेत ठेवण्याचे एक कारण आहे. नामनिर्देशन तर दोघांच्या नावाने खाते असले तरी करावेच.

पिंपळपान | ९ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

आम्ही दोघांनी बसून ठरवले ते लिहितो. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, १५ लाख मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावाने, पाच लाख बँकेत. अल्प मुदतीच्या कर्जरोखे फंडात दहा लाख आणि उरलेले २२ लाख समभाग-कर्जरोखे मिश्र फंडात, दोन्ही डायरेक्ट, ग्रोथ आणि संयुक्त नावाने. मिश्र फंडात पैसे एकदम न घालता वर्षभर हप्त्याने वळवू. कारखान्याच्या एका पुरवठादाराने आठवड्यातून तीन दिवस यावे असे सुचवले होते, त्याला होकार कळवला आहे. प्रवासाचा खर्च या वर्षापुरता वगळावा, ही सूचना पत्नीची. त्याने महिन्याचा आकडा ४१ हजारांवर येतो.

बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरला नकार दिल्यावर त्याने त्याच दुपारी एका विमा योजनेचे पत्रक पाठवले.

शेवटची अडचण अशी की पोस्टात मला 'साठ पूर्ण झाल्यावर या' असे सांगण्यात आले. नियम दाखवला तर 'कंपनीचे पत्र आणा' म्हणाले. कोणते पत्र, हे कोणी सांगितले नाही.

कोकणकडा | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६.१०

कारखान्याच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र घ्या. त्यात तुम्ही निवृत्त झाला आहात ही बाब, निवृत्तीचे लाभ किती व कोणते, तुमचे पद आणि नोकरीचा कालावधी या चार गोष्टी असायला हव्यात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम खात्यात जमा झाल्याचा बँकेचा उतारा सोबत जोडा, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातील. खाते अधिकृत बँकांतही उघडता येते, त्यामुळे त्या पोस्टात पुन्हा अडवले तर एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जा. आणि पत्र मागायला सोमवारीच जा. निवृत्त माणसाच्या कागदावर सही करायला कारखान्यात कोणाला घाई नसते.

पिंपळपान | ११ ऑगस्ट, दुपारी १.२०

अर्ज देऊन आलो. मनुष्यबळ विभागाने आठ दिवस मागितले आहेत.